जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी : रॅम कधी वाढवावी, कशी वाढवावी



महिना संपत आला की दिंद्रुड काय आणि आजूबाजूची गावं काय, गटाचा हिशोब सांभाळणाऱ्या ताईच्या तोंडी एकच वाक्य असतं : "लॅपटॉप लई हँग व्हायलाय." बटण दाबून चहा ठेवावा, चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतंच आहे. हप्त्यांची एक्सेल शीट उघडली की मराठी टायपिंग अडकतं. त्यातच बँकेचं पान उघडलं की सगळंच ठप्प. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, "जाऊ द्या हो, नवाच घेऊन टाका." आणि सगळ्याजणी माना डोलावतात.

नवा घेणं वाईट नाही. पण साध्यातला साधा नवा लॅपटॉपसुद्धा तीस-पस्तीस हजारांच्या घरात जातो. हा पैसा कुठून येतो ते आपल्याला माहीत आहे. आठवड्याच्या बचतीतून, अंतर्गत कर्जाच्या व्याजातून, संघाच्या निधीतून. तेवढ्याच रकमेत एखादी ताई दोन-तीन शेळ्या घेऊन धंदा उभा करते. म्हणून नवा घेण्याआधी जुन्याला नेमकं काय झालंय ते बघायला पाहिजे. पुष्कळ जुन्या लॅपटॉपचं दुखणं एवढंच असतं की त्यात मेमरी, म्हणजे रॅम, कमी आहे. ती वाढवता येते, आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या थोड्याशा भागात काम होतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. दुखणं रॅमचं नसेल आणि दुकानदार म्हणाला म्हणून रॅम टाकली, तर तोही पैसा पाण्यात. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सांगतो आहोत : रॅम कधी वाढवावी आणि कधी वाढवू नये.

रॅम म्हणजे काय? काठवट आठवा

भाकरी करताना तीन गोष्टी लागतात. पीठ साठवलेली कणगी किंवा कोठी, पीठ मळायची काठवट, आणि थापणारे हात.

लॅपटॉपमध्येही असंच आहे. हार्ड डिस्क म्हणजे कणगी. सगळ्या फाइली, फोटो, गटाचे हिशोब तिथं साठवलेले असतात आणि लॅपटॉप बंद केला तरी तिथंच राहतात. रॅम म्हणजे काठवट. ज्या फाइलीवर आत्ता काम चाललंय ती कणगीतून काढून इथं आणली जाते. आणि प्रोसेसर म्हणजे थापणारे हात.

काठवट लहान असली तर काय होतं? थोडंच पीठ मावतं. दोन भाकरी झाल्या की उठा, कणगीकडे जा, पीठ आणा, पुन्हा बसा. हात कितीही चपळ असले तरी निम्मा वेळ उठबशीत जातो. रॅम कमी पडली की लॅपटॉप असंच करतो. जागा पुरेना म्हणून काही माहिती हार्ड डिस्कवर ठेवून येतो, लागली की परत आणतो. ही ये-जा सुरू झाली की आपण म्हणतो, "हँग झाला."

दोन गोष्टींत मात्र गल्लत करू नका. "माझ्या लॅपटॉपला ५०० जीबी मेमरी आहे" असं कोणी म्हणालं तर ती कणगी झाली. रॅम ही ४, ८ किंवा १६ जीबी अशी लहान आकड्यांत असते. दुकानात आपण "मेमरी वाढवा" असं मोघम म्हणालो तर समोरचा हार्ड डिस्कही दाखवू शकतो. म्हणून "रॅम" हाच शब्द वापरा.

आधी रोग ओळखा, मग औषध

यासाठी कोणालाही पैसे द्यायची गरज नाही. नेहमी ज्या दिवशी जास्त काम असतं त्या दिवशी हे करा. नेहमीच्या सगळ्या गोष्टी उघडा : एक्सेल, इंटरनेटची दोन-चार पानं, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. ती लहान दिसली तर खाली "मोअर डिटेल्स" वर क्लिक करा. वरच्या ओळीत "परफॉर्मन्स" निवडा. डाव्या बाजूला सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे टक्क्यांत दिसतील. पाच मिनिटं काम करत राहा आणि आकड्यांकडे बघत राहा.

• मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर जाऊन बसली असेल तर काठवट लहान पडतेय. रॅम वाढवल्याने फरक पडेल. अशा वेळी डिस्कचा आकडाही बऱ्याचदा चढलेला दिसतो, कारण कणगीकडे ये-जा चाललेली असते.

• मेमरी ५०-६० टक्केच आहे, पण डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आहे, तर दोष कणगीत आहे. जुनी, फिरणारी हार्ड डिस्क मंद असते. तिथं रॅम टाकून उपयोग नाही. एसएसडी नावाची नवी डिस्क बसवली तर लॅपटॉप चटकन सुरू होतो. कणगी परसात असण्याऐवजी पिठाचा डबा मांडीशेजारी आणून ठेवावा तसं.

• सीपीयू सतत १०० टक्क्यांच्या आसपास आहे आणि बाकी दोन्ही निवांत आहेत, तर हातच थकलेत. अशा लॅपटॉपला मोठी काठवट देऊन भाकऱ्या जास्त होणार नाहीत. मात्र एक बघा. पंखा घरघरतोय का, बूड तापलंय का? आतल्या पंख्यात धूळ साचली की लॅपटॉप गरम होतो, आणि जास्त गरम झाला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा आणि रस्त्याची धूळ बघता हे दुखणं फार सापडतं. साफसफाई करून घेतली तरी पुष्कळदा सुधारतो.

हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी चांगलं. दुकानात हाच आपला पुरावा.

एक रुपयाही न लागणारे उपाय

रॅम आणायच्या आधी आठ दिवस हे करून बघा.

रोजचं काम संपलं की लॅपटॉप नुसता मिटू नका. मिटला की तो झोपतो, बंद होत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा "रीस्टार्ट" करा.

टास्क मॅनेजरमध्येच "स्टार्टअप" नावाचा भाग असतो. लॅपटॉप सुरू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथं दिसतात. जे आपण वापरत नाही, ते तिथं बंद करा. ओळखीचं नाव नसेल तर हात लावू नका, आधी विचारा.

दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. विंडोजमध्ये स्वतःचा एक असतोच.

इंटरनेटची वीस पानं एकाच वेळी उघडी ठेवू नका. प्रत्येक पान रॅम खातं.

सी ड्राइव्हमध्ये थोडी जागा मोकळी ठेवा. मेळाव्याचे, बचत बाजाराचे फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा.

एवढं करूनही मेमरीचा आकडा ९० वरून हलत नसेल, तर पुढचं वाचा.

आपल्या लॅपटॉपला रॅम वाढते का?

सगळ्यांना वाढत नाही. जुन्या, जाडसर लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी खाचेत बसवलेली असते, ती काढता-घालता येते. पातळ, हलक्या लॅपटॉपांमध्ये पुष्कळदा रॅम मुख्य बोर्डावरच डाग देऊन जोडलेली असते. ती बदलता येत नाही. ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये तर सुरुवातीपासून असंच आहे.

आपलं काय आहे ते त्याच टास्क मॅनेजरमध्ये कळतं. "मेमरी"वर क्लिक केलं की खाली बारीक अक्षरात काही ओळी दिसतात. त्यातल्या तीन लिहून घ्या :

१. "स्लॉट्स यूझ्ड" : "१ ऑफ २" असेल तर दोन खाचांपैकी एक रिकामी आहे. सोन्याहून पिवळं! जुनी पट्टी ठेवून शेजारी नवी बसवता येईल. "२ ऑफ २" असेल तर एक काढून तिथं मोठी बसवावी लागेल.

२. "स्पीड" : १०६६, १३३३ किंवा १६०० असेल तर बहुधा डीडीआर३ जातीची रॅम. २१३३, २४००, २६६७ किंवा ३२०० असेल तर बहुधा डीडीआर४.

३. "फॉर्म फॅक्टर" : "सोडिम" लिहिलं असेल तर पट्टी खाचेतली आहे. "रो ऑफ चिप्स" लिहिलं असेल तर बोर्डावर जोडलेली.

हे आकडे कधीकधी अर्धवट दिसतात. म्हणून खात्री करायची तर झाकण उघडून पट्टीवरचा कागद वाचणं सगळ्यांत चांगलं. त्यावर "पीसी३", "पीसी३एल" किंवा "पीसी४" असं छापलेलं असतं.

ही जात फार महत्त्वाची. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसतच नाही. दोन्हींची मधली चीर वेगळ्या जागी असते आणि सोनेरी दातही वेगळे : लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४, डीडीआर४ला २६०. जबरदस्ती केली तर खाच मोडते. डीडीआर३मध्येही दोन प्रकार आहेत. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि "एल" लिहिलेली डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. २०१३ नंतरच्या, इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना "एल"वालीच लागते. तिथं साधी टाकली तर लॅपटॉप सुरू न होण्याचा संभव असतो. म्हणून जुन्या पट्टीवर "एल" असेल तर नवीही "एल"चीच घ्या.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार नेहमी सांगतोच असं नाही. सेटिंग्जमध्ये "सिस्टिम", त्यात "अबाउट" उघडा. "सिस्टिम टाइप"समोर ३२-बिट लिहिलंय की ६४-बिट, ते बघा. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही. तुम्ही ८ जीबी टाकली तरी वरची ४ जीबी पडून राहील. काठवट मोठी आणली, पण निम्मी झाकूनच ठेवली, असं होईल. अशा वेळी ६४-बिट विंडोज नव्यानं टाकावं लागतं, आणि त्याआधी सगळा डेटा बाहेर काढून ठेवावा लागतो. तो खर्च आणि वेळ आधीच हिशोबात धरा.

शेवटी मर्यादा. प्रत्येक लॅपटॉप जास्तीत जास्त किती रॅम घेतो ते ठरलेलं असतं. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं.

किती घ्यावी?

आपली कामं कोणती? एक्सेल, पत्रं, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ कॉलवरची बैठक, मुलींचा अभ्यास. याला ८ जीबी पुरते. २ किंवा ४ जीबी असेल तर ८ करा, फरक लगेच दिसतो. ८ची १६ केली तर आपल्या कामात फारसा फरक जाणवणार नाही. व्हिडिओ तयार करायचं काम असेल तरच १६चा विचार करा.

जमलं तर दोन्ही खाचांत सारख्या मापाच्या पट्ट्या ठेवा : ४ आणि ४. जोडीनं काम केल्यानं वेग थोडा वाढतो. मापं वेगळी असली तरी चालतं. वेगवेगळ्या स्पीडच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगानं चालतात. बैलजोडीसारखंच आहे ते.

दुकानात जाताना

माजलगावला जा, परळीला जा, नाहीतर बीडला. पण भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. मागच्या वर्षीच्या भावावर अंदाजपत्रक बांधू नका. २०२५च्या शेवटी जगभर रॅमचे भाव झपाट्यानं चढले. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल तिकडे वळवू लागल्या. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीनं डिसेंबर २०२५मध्ये तर "क्रूशिअल" नावानं विकली जाणारी ग्राहकांसाठीची रॅम बंद करण्याचंच जाहीर केलं. कुठल्या परदेशातल्या डेटा सेंटरची भूक आपल्या गटाच्या खिशापर्यंत येते, ती अशी. म्हणून आजचा भाव आजच विचारायचा.

भाव जास्त वाटला तर दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेली वापरलेली पट्टीही मिळते. ती घ्यायला हरकत नाही, पण आपल्या लॅपटॉपमध्ये बसवून, चालवून बघितल्यावरच पैसे द्या, आणि काही दिवसांची बदलून देण्याची हमी बिलावर लिहून घ्या.

जीएसटी असलेलं पक्कं बिल मागा. रॅमवर १८ टक्के जीएसटी असतो. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बिल नसेल तर वॉरंटी नाही, आणि बैठकीत हिशोब मांडतानाही अडचण.

काढलेली जुनी पट्टी परत घ्या. ती आपली आहे. संघाच्या दुसऱ्या लॅपटॉपला कामी येऊ शकते. जुनी देऊन किंमत कमी होत असेल तर तेही बिलावर आलं पाहिजे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं : लॅपटॉप दुकानात सोडून येऊ नका. त्यात आपल्या सभासद महिलांचे आधार क्रमांक, पासबुकांचे फोटो, मोबाइल नंबर असतात. विश्वासानं दिलेली ही माहिती आहे, ती सांभाळणं आपलं काम. झाकण सहज निघणारं असेल तर रॅम बसवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. समोर बसून करून घ्या. रॅम बदलल्यानं फाइली पुसल्या जात नाहीत आणि रॅम बसवायला पासवर्डही लागत नाही. "पासवर्ड लिहून द्या, उद्या या" असं कोणी म्हणालं तर "सुरू करताना मी टाकते" म्हणा. तरीही निघण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवायची सवय चांगली.

स्वतः बसवायची असेल तर

शिलाई मशीनची बॉबिन बसवणाऱ्या हाताला हे अवघड नाही. फक्त दोन अटी. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका. आणि तो अभियानाकडून किंवा संस्थेकडून मिळालेला असेल तर आधी तिथं विचारा.

१. लॅपटॉप पूर्ण बंद करा. शिफ्ट बटण दाबून धरून "शटडाउन" केलं की तो खरोखर बंद होतो. चार्जर काढा. बाहेरून निघणारी बॅटरी असेल तर काढा. मग सुरू करायचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

२. हाताला तेल, पीठ, पाणी नको. हातातल्या धातूच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदरात खोचा. घोंगडीवर, गादीवर बसून हे काम करू नका. लाकडी टेबल बरं. सिंथेटिक साडी आणि कोरडी हवा असली की अंगावर स्थिर वीज साठते. अंधारात स्वेटर काढताना चटचट होतं, तीच ही. आपल्याला ती जाणवतही नाही, पण रॅमचा जीव घेऊ शकते. म्हणून सुती साडी नेसा, आणि पट्टीला हात लावण्याआधी लोखंडी कपाटाच्या रंग न लावलेल्या भागाला किंवा नळाच्या लोखंडी पाइपाला स्पर्श करा.

३. लॅपटॉप उपडा करा. पुष्कळ जुन्या मॉडेलांत खाली एक छोटं झाकण असतं, त्याखालीच रॅम. नसेल तर सगळं बूड काढावं लागतं. बूड काढायचं असेल तर पहिल्या वेळी माहितगाराला सोबत घ्या, कारण तिथं आतली बॅटरीची जोडणी आधी सोडवावी लागते. स्क्रू वाटीत ठेवा. लांब-आखूड असतील तर कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा.

४. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन चिमटे असतात. ते अंगठ्यांनी बाहेर सारा. पट्टी आपोआप वर उचलली जाते. कडेनं धरून तिरकी ओढून काढा. सोनेरी दातांना बोट लावू नका.

५. नवी पट्टी तशीच तिरकी धरा. मधली चीर खाचेतल्या उंचवट्यासमोर आणा. आत सरकवा, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत. मग हळूच खाली दाबा. दोन्ही चिमटे "टक्" करून बसतात. बसत नसेल तर जोर लावू नका. एकतर उलटी धरलीय, नाहीतर जात चुकलीय.

६. झाकण लावा, बॅटरी लावा, सुरू करा. पहिल्यांदा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. "अबाउट"मध्ये जाऊन रॅम ८ जीबी दिसते का बघा.

पडदा काळाच राहिला तर

घाबरू नका. बहुतेक वेळा पट्टी नीट बसलेली नसते. बंद करा, चार्जर आणि बॅटरी काढा, पट्टी काढून पुन्हा बसवा. जुन्या पट्टीचे दात काळवंडले असतील तर पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसा, चुरा झटका. तरी नाही झालं तर एका वेळी एकच पट्टी लावून बघा. जुनीवर चालतो आणि नवीवर कुठल्याच खाचेत चालत नाही, म्हणजे नवी पट्टी खराब आहे किंवा जात जुळत नाही. बिल घेऊन दुकानात जा.

सुरू झाल्यावर एकदा तपासणीही करा. विंडोजच्या शोधपट्टीत "मेमरी डायग्नोस्टिक" टाइप केलं की तपासणीचा प्रोग्रॅम येतो. लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन रॅम तपासतो. हे रात्री लावून ठेवा, लाईट जाण्याची भीती नसेल तेव्हा.

कधी नको?

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालतं, आणि त्याला निदान ४ जीबी रॅम लागते. म्हणजे २०१८च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपांत रॅम वाढवली तरी विंडोज ११ अधिकृतपणे येणार नाही. तुमच्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होत असतील तर ही बाब नुसती वेगाची नाही, पैशाच्या सुरक्षेची आहे. अशा जुन्या लॅपटॉपवर रॅम वाढवून हिशोब, टायपिंग, मुलींचा अभ्यास करा, पण बँकेचं काम अपडेट मिळणाऱ्या यंत्रावरच ठेवा. माहितगार माणूस मिळाला तर लिनक्सचाही विचार करता येतो. ती मोफत असते, तिची अपडेटही मोफत असतात, आणि जुन्या यंत्रावर ती हलकी चालते. सी-डॅक या सरकारी संस्थेनं "बॉस" नावाची लिनक्स बनवली आहे, तिच्यात मराठीही आहे.

बिजागरं तुटलीत, बॅटरी फुगलीय, पडद्यावर रेघा आहेत, आणि वर रॅमही पाहिजे, असं असेल तर सगळ्या दुरुस्तीची बेरीज करा. बेरीज नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर नव्याचा विचार करणंच शहाणपणाचं. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप तर वापरूच नका. आणि मोडीत काढताना भंगारवाल्याला देऊ नका, आतली हार्ड डिस्क आधी काढून घ्या. सभासदांची माहिती तिच्यात आहे.

बैठकीत असा ठराव घ्या

खर्च लहान असला तरी तो सगळ्यांचा आहे. दोन दुकानांची कोटेशनं समोर ठेवा आणि ठराव लिहा. नमुना असा :

"आज दि. ____ रोजीच्या बैठकीत संघाच्या लॅपटॉपची तपासणी मांडण्यात आली. कामाच्या वेळी मेमरीचा वापर ____ टक्के आढळला. सध्याची रॅम ____ जीबी, जात ____. ती ____ जीबी करण्यासाठी आलेल्या ____ कोटेशनांपैकी ____ रुपयांचे कोटेशन मंजूर करण्यात येत आहे. जुनी पट्टी परत घेऊन साहित्य नोंदवहीत नोंद करावी. सूचक ____, अनुमोदक ____."

महिनाभरानं पुढच्या बैठकीत पुन्हा तेच तीन आकडे वाचून दाखवा : आधीचे आणि आत्ताचे. पैसा कामी आला की नाही, ते सगळ्यांना तिथंच कळेल.

दुकानात न्यायची चिठ्ठी (कापून ठेवा)

• लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल नंबर
• आत्ताची रॅम किती, एकूण खाचा किती, रिकाम्या किती
• जात : डीडीआर३, डीडीआर३एल की डीडीआर४, स्पीड किती
• विंडोज ३२-बिट की ६४-बिट
• कामाच्या वेळचे आकडे : मेमरी, डिस्क, सीपीयू
• मागायचं : पक्कं बिल, वॉरंटी, जुनी पट्टी परत, काम समोर बसून

ही चिठ्ठी हातात असलेल्या बाईला कोणी "तुम्हाला काय कळतंय त्यातलं" असं म्हणणार नाही. ज्या गटात हे काम एका मुलीनं शिकून घेतलं, त्या गटानं तिला प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला घेऊन यावं. बाकीच्या गावांचे लॅपटॉपही वाट बघायलेत.